आम्ही, आपण आणि मधला दूत

कौटिल्याने दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पूर्ण अधिकार घेऊन जाणारा, प्रसंग पाहून स्वतःच्या अकलेने बोलणी करणारा तो निसृष्टार्थ. ठरावीक कामापुरता अधिकार असलेला तो परिमितार्थ. नुसतं पत्र पोचवणारा तो शासनहर. अर्थशास्त्रात त्यांची प्रतवारीही आहे: अमात्याचे सगळे गुण असलेला पहिला, पाव गुण कमी असलेला दुसरा, निम्मे कमी असलेला तिसरा. गेली दोन वर्षं मी आमच्या उपनगरातल्या गुढीपाडवा स्वागतयात्रेचा 'युवादूत' आहे, आणि या तिघांपैकी मी नेमका कोण, हे काही ठरत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कुठलीही गोष्ट हातात आली की तिचा टाइप कोणता हे आधी बघायचं, ही कामाची सवय. या शब्दाचा टाइप मात्र लागत नाही.

काम तसं साधं आहे. पाडव्याच्या महिनाभर आधी आसपासच्या सोसायट्यांमध्ये आणि दोन-तीन कॉलेजांमध्ये जायचं, पत्रक द्यायचं, 'नक्की या' म्हणायचं. फेटा बांधून एका छोट्या व्हिडिओत बोलायचं. यात्रेच्या दिवशी पहाटे साडेपाचला चौकात हजर व्हायचं, चित्ररथांच्या पुढे चालायचं आणि कुणी माइक पुढे केला तर दोन वाक्यं बोलायची. आम्ही चौघं आहोत, दोन मुलं आणि दोन मुली. सगळे पदवीधर, नोकरदार, नीट बोलणारे आणि फेट्यात बरे दिसणारे. निवड समितीतल्या ज्येष्ठांनी केली, आणि प्रेमाने केली.

पण निरोप काय? नववर्षाच्या शुभेच्छा व्हॉट्सॲपवर आधीच पोचलेल्या असतात. वाटाघाटी कुणाशीच करायच्या नसतात. म्हणजे आमच्या हातात पत्र नाही, अधिकारही नाही. मग आम्हाला पाठवतात ते चेहरे म्हणून. हॅना पिटकिन या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी 1967 साली प्रतिनिधित्वावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्या एक उपयोगी फरक करतात: कुणाच्या वतीने काही करणं वेगळं आणि कुणाच्या जागी नुसतं उभं असणं वेगळं. वकील पहिलं काम करतो. झेंडा दुसरं करतो. आम्ही चौघं झेंड्याच्या जातीचे. मात्र झेंड्याला कुणी प्रश्न विचारत नाही, आम्हाला विचारतात. सगळी अडचण तिथून सुरू होते.

स्वागतयात्रा ही प्रथा फार जुनी नाही. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने 1999 साली ती सुरू झाली आणि तिथून ठाणे, गिरगाव, कल्याण करत राज्यभर पसरली. आमची यात्रा त्या लाटेतली, एका छोट्या स्थानिक समितीची. त्याआधी पाडवा हा घरातला सण होता. खिडकीत वेळूची काठी, तिला जरीचं कापड, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर पालथा तांब्या. त्या गुढीला प्रतिनिधी लागत नाही. ती त्या घरापुरतं बोलते आणि शेजारच्या खिडकीत ती नसली तरी तिचं काही बिघडत नाही. सण रस्त्यावर आला की मात्र 'हा कुणाचा' हा प्रश्न आपोआप येतो, कारण रस्ता सगळ्यांचा असतो. वाहतूक कुणासाठी थांबली, लाउडस्पीकर कुणाच्या नावाने वाजला, हे सांगावं लागतं. ते सांगायला माणूस लागतो. दूताची जागा अशी तयार होते.

आमच्या पत्रकावर वर मोठ्या अक्षरांत असतं: 'आपला सण, आपलं नववर्ष'. पहिल्या वर्षी हे पत्रक घेऊन मी आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या गुजराती काकांकडे गेलो. त्यांनी ते नीट वाचलं आणि हसून म्हणाले, "आमचं बेसतुं वरस दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. पण ताकाचा स्टॉल आमच्याकडून घे." ताक उत्तम होतं. काकांचं म्हणणंही बिनचूक होतं. चैत्र प्रतिपदेला तेलुगू आणि कन्नड घरांत उगादी असते, गोव्यात संवसर पाडवो, काश्मिरी पंडितांकडे नवरेह. पण तमिळ, मल्याळी, बंगाली आणि पंजाबी माणसाचं वर्ष एप्रिलच्या मध्यावर, सौर गणनेने बदलतं. ही सगळी मंडळी आमच्या एकाच रस्त्यावर राहतात.

दुसरा प्रश्न इतका गोड नव्हता. माझा कॉलेजचा मित्र बौद्ध आहे, स्टेशनच्या पलीकडे राहतो. मी त्यालाही पत्रक दिलं. तो म्हणाला, "अरे, यातल्या 'आपण'मध्ये मी आहे का? असलो तर मला कुणी विचारलं?" आणि थोडं थांबून, "चौदा एप्रिलला आमच्याकडे मिरवणूक असते. तू येशील? दूत म्हणून नको, नुसता ये."

हा प्रश्न मराठीतच नीट विचारता येतो. इंग्रजीत 'वुई' एकच, हिंदीत 'हम' एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर असतो, 'आपण' म्हटलं की आत. गुजरातीत अमे आणि आपणे असतात, तमिळ आणि तेलुगूतही हा भेद आहे. आपल्याला तो इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यातली नैतिक बाजू लक्षात येत नाही. 'आम्ही निघालोय, येता का?' या वाक्यात समोरच्याला नाही म्हणायची जागा आहे. 'आपण निघूया' यात ती जागा कमी होते, कारण बोलणाऱ्याने त्याला न विचारता आत घेतलेलं असतं. घरच्या माणसाशी बोलताना तो जिव्हाळा. अनोळखी माणसाशी बोलताना, आणि बोलणाऱ्यामागे दहा हजार माणसं उभी असताना, तोच शब्द वेगळा ऐकू येतो.

मी हे समितीच्या बैठकीत मांडलं. तिथल्या सर्वांत ज्येष्ठ काकांचं उत्तर मला आजही महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, "अरे बाळा, आपण कुणाला नको म्हटलंय का? सगळ्यांना बोलावलंय. आणि सगळ्यांचा म्हणून सण करायला गेलास तर त्यात गुढीच उरणार नाही. नुसता मेळा होईल." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. सण हा विशिष्टच असतो. त्याला ठरावीक तिथी, ठरावीक पदार्थ, ठरावीक गोष्टी लागतात. कुणालाच खुपणार नाही असा सण करायचा म्हटलं तर तो ऑफिसच्या 'फॅमिली डे'सारखा होतो, ज्यात फुगे असतात आणि कुणाचीच आजी नसते.

पण काकांच्या युक्तिवादातून माझ्या मते त्यांनी काढला त्याच्या उलट निष्कर्ष निघतो. सण विशिष्ट असेल, तर त्याचा शब्दही विशिष्ट हवा. 'आमचा सण आहे, तुम्ही या' हे वाक्य अजिबात संकुचित नाही. यजमान असंच बोलतो, आणि पाहुण्याला पाहुण्याचा मान त्यातूनच मिळतो. संकोच होतो तो दुसऱ्याच ठिकाणी: निर्णय आम्ही घ्यायचे, मार्ग आम्ही ठरवायचा, पहिला चित्ररथ कुणाचा हे आम्ही ठरवायचं आणि पत्रकावर मात्र 'आपला' छापायचं. 'आपला' म्हणायचं असेल तर बैठकीत खुर्च्याही तशा मांडायला हव्यात. त्या मांडायच्या नसतील तर 'आमचा' म्हणावं. त्यात कमीपणा नाही, आणि ते खरं आहे.

इथे कुणी म्हणेल की एका सर्वनामावरून एवढा काथ्याकूट कशाला. म्हणून एक दूरचं उदाहरण घेतो. लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो भागात 1934 साली निसेई वीक हा महोत्सव सुरू झाला. निसेई म्हणजे जपानी स्थलांतरितांची अमेरिकेत जन्मलेली पिढी. मंदीचे दिवस होते. या तरुणांनी आपल्या वस्तीतल्या दुकानांत यावं, हा दुकानदारांचा एक हेतू. पुढच्या वर्षीपासून महोत्सवाची राणी निवडली जाऊ लागली आणि वस्तीत खरेदी केली की तिच्यासाठी मतपत्रिका मिळत. किमोनो घातलेल्या, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या या मुली म्हणजे त्या समाजाच्या युवादूतच. संशयाने बघणाऱ्या शहराला त्या आपल्या असण्यातून सांगत होत्या की आम्हीही तुमच्यातलेच आहोत. फेब्रुवारी 1942 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. महोत्सव पुन्हा भरला तो 1949 साली.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, चेहऱ्याची ताकद फार कमी असते. समोरच्याने ऐकायचं नाही असं ठरवलं असेल तर नीटनेटका, हसरा दूत काहीही वाचवू शकत नाही. दुसरी, त्या मुलींचं 'आपण' आणि माझ्या पत्रकावरचं 'आपण' हे एकाच शब्दाचे दोन वेगळे व्यवहार आहेत. त्यांचं 'आपण' ही विनंती होती, 'आम्हाला आत घ्या' अशी. संख्येने थोडा असलेला माणूस ते म्हणतो तेव्हा धोका तो स्वतः पत्करतो. आमच्या रस्त्यावर संख्या आमची आहे. आम्ही 'आपण' म्हणतो तेव्हा धोका आम्हाला नसतो. जो बाहेर राहू इच्छितो, त्यालाच कारण द्यावं लागतं. म्हणून थोरल्या बाजूच्या दूताची जबाबदारी जास्त आहे, असं मला वाटतं.

ती जबाबदारी कोणती? इथे मला महाभारतातली शिष्टाई आठवते. उद्योगपर्वात कृष्ण कौरवसभेत जायला निघतो, त्याआधी पांडवांच्या बाजूचे सगळे आपापलं मत सांगतात. नेहमी आग ओकणारा भीम चक्क सामोपचाराचं बोलतो. सहदेव आणि सात्यकी युद्धाच्या बाजूचे. द्रौपदी आपले केस हातात धरून कृष्णाला म्हणते की तहाचं बोलताना हे विसरू नकोस. म्हणजे दूत निघतो तो एकमत घेऊन निघत नाही. आपल्याच गोटातलं न जुळलेलं सगळं तो ऐकून निघतो. आणि तिकडे जे घडलं, ते परत येऊन जसंच्या तसं सांगतो. आपण दूताची जाण्याची बाजू लक्षात ठेवतो, येण्याची विसरतो. पण परत येऊन न सांगणारा दूत आणि भिंतीवरचं पोस्टर यांत फरक काय?

माझं उत्तर एवढंच आहे. ज्याला कुणाच्या तरी वतीने 'आम्ही' म्हणायचं आहे, त्याने बाहेर मिळालेला नकार आत आणून ठेवला पाहिजे, सौम्य न करता. काकांना 'सगळ्यांनी छान स्वागत केलं' असं सांगणं सोपं असतं, आणि ते पुष्कळ अंशी खरंही असतं. पण स्टेशनच्या पलीकडून आलेला प्रश्न त्या वाक्यात बसत नाही.

मित्र यात्रेला आला नाही. मी चौदा एप्रिलला त्याच्याकडे गेलो. गळ्यात कार्ड नव्हतं, डोक्याला फेटा नव्हता, मला कुणी काही विचारलं नाही. त्याच्या आईने निळ्या मांडवाखाली हातात सरबताचा ग्लास दिला आणि म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यांदाच आलास ना?" तिचं 'आमच्याकडे' मला अजिबात खुपलं नाही.

समितीने तिसऱ्या वर्षासाठी विचारलं आहे. मी हो म्हटलंय आणि सोबत दोन मागण्या लिहून दिल्या आहेत. पत्रकावर 'आमचा' छापावं, ही पहिली. दुसरी, यात्रा झाल्यावर जी आढावा बैठक होते, ज्यात आजवर खर्चाचा हिशेब आणि सत्कारांची यादी एवढंच असतं, तिथे दूतांना दहा मिनिटं मिळावीत. दुसरी मागणी लगेच मान्य झाली. पहिलीवर अजून चर्चा चालू आहे. काका म्हणतात, 'आमचा' हा शब्द बॅनरवर बरा दिसत नाही.