गच्चीचा कठडा

शास्त्रभाग : अनुवाद 22:8, मत्तय 4:5-7



मोशेच्या नियमशास्त्रात घर बांधणाऱ्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. नव्या घराच्या गच्चीला कठडा असावा. नाहीतर कोणी वरून पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशात लोक गच्चीवर निजत, धान्य वाळवीत, प्रार्थना करीत. आपल्या बीदर-कलबुर्गीकडील माळवदांवरही उन्हाळ्यात अंथरुणे पडतात, मिरच्या आणि तूर वाळत असते. तेव्हा ही आज्ञा आपल्याला परकी वाटू नये. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, देवाने येथे पडणाऱ्याला बोल लावला नाही. घराच्या धन्याला जबाबदार धरले. आणि कठडा कोणी पडल्यावर घालावयाचा नाही, तर घर उभे राहतानाच घालावयाचा आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या भागातील वडीलधारे विसरलेले नाहीत. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गेली. तो हादरा बीदर व त्या वेळच्या गुलबर्गा जिल्ह्यातही जाणवला. उन्हापासून निवारा मिळावा म्हणून घातलेले मातीचे जड माळवद आणि चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, ह्यांनीच पुष्कळांचा घात केला. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोळी तालुक्यातील गडीकेश्वर परिसरातही धक्के बसले. आपल्याकडे काही होत नाही, असे म्हणण्यास आता जागा राहिलेली नाही.

किल्लारीचा हादरा पहाटे आला, म्हणून मुले घरी होती. तोच सकाळी 11 वाजता आला असता तर ती शाळेत असती. संकट केवळ भूकंपाचेच असते असेही नाही. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराला लागली आणि 94 मुले मरण पावली. त्यानंतर 13 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शाळांत आग विझविण्याची साधने असावीत, ती वापरण्याचे शिक्षण शिक्षक व कर्मचाऱ्यांना द्यावे, आणि इमारती सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे असाव्यात. मोशेची जुनी आज्ञाच जणू न्यायालयाने शाळांच्या दारावर लिहिली. आईबाप लेकरू शाळेत सोडून जातात, तेव्हा त्या घराचे धनी शिक्षक आणि चालक असतात.

येथे एखादा भाविक बंधू म्हणेल, "राखणारा देव आहे, मग ही कवायत कशाला? हा अविश्वास नव्हे काय?" ह्याचे उत्तर प्रभूने मंदिराच्या शिखरावर दिले आहे. सैतानाने त्याला उडी टाकावयास सांगितले आणि देवदूत झेलतील असा स्तोत्राचा आधारही दिला. प्रभूने ते नाकारले. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे. विशेष हे की, त्याने दिलेले उत्तर अनुवादाच्याच पुस्तकातील आहे, ज्या पुस्तकात कठड्याची आज्ञा आहे. कठडा न घालता देवदूतांची वाट पाहणारा मनुष्य कोणाचा सल्ला ऐकतो, हे आपणच ओळखावे.

पण दगडविटांचा कठडा एकटा पुरत नाही; सवयीचाही कठडा लागतो. घाबरलेल्या माणसाला नवे सुचत नाही, अंगवळणी पडलेलेच हातून होते. जपानमधील कामाइशी शहरात मुलांकडून उंच जागी पळण्याचा सराव वारंवार करून घेतला जात असे. 11 मार्च 2011 रोजी भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्र चढून आला. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले व टेकडीकडे धाव घेतली. त्या शहरातील जवळजवळ 3,000 शाळकरी मुले वाचली.

आपल्या शब्बाथ शाळेत हे करण्यास फार पैसा लागत नाही. वर्गाच्या दाराला आतून-बाहेरून कुलूप नसावे व वाटेत बाके, सतरंज्या किंवा सायकली ठेवू नयेत. प्रीतिभोजनाची शेगडी व गॅसची टाकी मुलांच्या खोलीपासून दूर असावी. नाताळात मेणबत्त्या लावताना कागदी सजावटीपासून अंतर राखावे. हादरा बसताच भक्कम बाकाखाली शिरून डोके झाकावे. हादरा थांबल्यावर रांगेने, न ढकलता बाहेर पडावे. धूर असेल तर खाली वाकून चालावे. भिंती व विजेच्या तारा ह्यांपासून दूर अशी मोकळी जागा आधीच ठरवावी. 112 हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा. हा सराव तीन महिन्यांतून एकदा व्हावा.

आणि त्या मोकळ्या जागेवर पोहोचताच शिक्षकाने हजेरी घ्यावी. लूकच्या 15 व्या अध्यायातील मेंढपाळाला एक मेंढरू हरवल्याचे कळले, ते त्याने मोजले म्हणूनच. नव्व्याण्णव आली, पुष्कळ झाली, असे तो म्हणाला नाही. ज्या मुलाला चालता येत नाही, ज्याला ऐकू येत नाही, जे सर्वांत धाकटे आहे, त्याला कोण घेऊन निघेल हे नावानिशी आजच ठरलेले असावे. संकटाच्या घटकेस ते ठरविता येत नाही.

आपली मुले ही आपल्याजवळ ठेवलेली देवाची ठेव आहे. तिच्यासाठी गुडघे टेकावेत. आणि उठल्यावर दाराची कडी सहज उघडते की नाही, हेही पाहावे. दोन्ही एकाच धन्याची सेवा होय. येत्या रविवारी उपासना संपल्यावर प्रत्येक मंडळीत पाळक, पंच व शिक्षक ह्यांनी मिळून आपल्या इमारतीभोवती एक फेरी मारावी आणि कठडा कोठे नाही ते पाहावे, एवढीच आमची विनंती आहे. प्रभू आपल्याला सावध अंतःकरण देवो. आमेन.