वाचनाआधीच्या गप्पा

दुसरीतलं मूल धडा घडाघडा वाचतं आणि ‘काय समजलं?’ विचारलं की गप्प बसतं. सराव कमी पडला असं म्हणून आपण तोच धडा पुन्हा वाचायला लावतो. मला वाटतं, उणीव बहुतेकदा आधीच राहिलेली असते: त्या मुलाशी पुरेसं बोलणंच झालेलं नसतं.

वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य. पहिल्या बाजूकडे शाळा लक्ष देते. दुसरी अक्षरओळखीच्या कितीतरी आधी, ऐकण्या-बोलण्यातून घडू लागते.

चिऊकाऊची गोष्ट घ्या. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून गेलं, चिऊचं मेणाचं राहिलं, आणि काऊ चिऊच्या दाराशी आला. इथे थांबून विचारा, ‘मेणाचं का नाही गेलं?’ मग विचारा, ‘चिऊनं दार लगेच का उघडलं नसेल?’ चिऊ सबबी सांगते, पण तिच्या मनात काय आहे ते गोष्ट सांगत नाही. मूल ते आपल्या अनुभवातून जुळवतं. ‘पावसाऐवजी कडक ऊन पडलं असतं तर?’ या प्रश्नावर ते विचारात पडतं, कारण आता चिऊचं घर धोक्यात आलेलं असतं. कारण शोधणं, न सांगितलेलं ओळखणं, पुढचं ताडणं, हेच त्याला उद्या पुस्तक वाचताना करायचं आहे.

प्रश्न विचारल्यावर मात्र धीर धरावा लागतो. ‘चिऊला राग आला होता’ असं मूल म्हणालं, तर ‘कशावरून?’ एवढंच विचारावं. बरोबर-चूक ठरवायची घाई केली की बोलणं तिथेच संपतं.

बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, परिसरातल्याच वस्तूंची शिकण्याची साधनं केली. गप्पांनाही तेच लागू आहे: विषय मुलाच्या ओळखीचा हवा, भाषा त्याच्या घरची हवी.

2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानं तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं ध्येय ठेवलं आहे. त्यात घराचा वाटा मोठा आहे. जिला स्वतःला वाचता येत नाही, ती आईही भाजी निवडता निवडता ‘असं का झालं असेल?’ विचारू शकते. अंगणवाडीताईंनी आणि शिक्षकांनी तिला हे स्पष्ट सांगायला हवं. मुलाचं वाचन घडवणं फक्त शिकलेल्यांनाच जमतं, हा समज तिच्याही मनातून आणि आपल्याही मनातून जायला हवा.