पाहणाऱ्याचे सुतक

वाराणसीच्या मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन घाटांवर जळत्या चितांची छायाचित्रे घेऊ नयेत असा दंडक आहे. त्याच्या पाट्या तेथे लागलेल्या आहेत, होडी घाटासमोर येताच नावाडी प्रवाशांना कॅमेरे खाली ठेवायला सांगतात, आणि तरीही या चितांची चित्रे प्रवासवर्णनांत, प्रदर्शनांत व आता असंख्य मोबाइलांत साठलेली आहेत. या निषेधाचे समर्थन बहुधा एकाच आधारावर केले जाते, तो म्हणजे शोकात असलेल्या कुटुंबाच्या भावना दुखावू नयेत. हा आधार खरा आहे, पण अपुरा आहे. कारण तेवढाच प्रश्न असेल तर कुटुंबाची परवानगी मिळाली, किंवा घाटावर घुटमळणाऱ्या एखाद्या दलालाने पैसे घेऊन ती मिळाल्याचे सांगितले, की आक्षेपाला जागाच उरू नये. प्रत्यक्षात तो उरतो, आणि का उरतो हे त्या घाटावर होणाऱ्या विधींतूनच शोधावे लागते.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की काशीत दहनकर्म झाकलेले नाही. इतरत्र स्मशान वेशीबाहेर असते. येथे मात्र ज्याला महाश्मशान म्हणतात तो मणिकर्णिका घाट नदीकाठच्या वस्तीच्या ऐन मध्यावर आहे, अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, आणि त्याला लागूनच शिंद्यांचा घाट आहे. रात्रंदिवस तेथे चिता पेटलेल्या असतात. लाकडांच्या उंच थप्प्यांपाशी मोठ्या तराजूत लाकूड जोखले जाते, चकाकत्या वस्त्राने झाकलेली तिरडी गंगेत बुडवून पायऱ्यांवर टेकवली जाते, दहनाचे काम पाहणाऱ्या डोमांनी अखंड राखलेल्या अग्नीतून विस्तव दिला जातो, आणि हे सारे पाहत पायरीवर बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. म्हणजे या घाटाला पाहण्याचे वावडे नाही. वावडे आहे ते एका विशिष्ट तऱ्हेच्या पाहण्याचे.

धर्मशास्त्रात प्रेतामागे स्मशानापर्यंत जाण्याला अनुगमन म्हणतात. अनुगमन करणारा मृताचा सपिंड, म्हणजे अशौच पाळावे लागणारा नातलग, नसला तरी त्याला स्नान सांगितलेले आहे. महाराष्ट्रातही स्मशानातून परतलेला शेजारी आंघोळ केल्याशिवाय घरात वावरत नाही, तो याच नियमाने. जो जवळचा त्याच्यावर दहा दिवसांचे सुतक, जो लांबचा त्याच्यावर एक स्नान. पण मृत्यूच्या जवळ गेलेला कोणीही अगदी मोकळा परतत नाही. कॅमेरा नेमका हा दुवा तोडतो. चित्र पाहणारा दूरच्या शहरात, वेगळ्या दिवशी, चहा घेत ते पाहतो आणि त्याच्यावर कसलेही बंधन येत नाही. घाटावरचे दृश्य त्याच्यापर्यंत पोहोचते आणि त्या दृश्यासोबत येणारे कर्तव्य मात्र घाटावरच राहते.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे फल कोणाला मिळते हे सांगताना हात, पाय आणि मन यांच्या संयमाबरोबर प्रतिग्रहापासून, म्हणजे दान स्वीकारण्यापासून, दूर राहण्याची अट घातलेली आहे. दान घेण्यात भार आहे, कारण देणाऱ्याच्या दोषाचा अंश घेणाऱ्याकडे येतो, अशी ती धारणा. पैठणहून काशीला जाऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात प्रयाग, काशी आणि गया यांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. तीर्थाला जाणाऱ्याने कसे वागावे याचा इतका बारकाईने विचार करणारी परंपरा ज्या नगरीत वाढली, तेथे छायाचित्र हाही प्रतिग्रहाचा एक प्रकार मानला तर ते ओढूनताणून ठरू नये. फरक एवढाच की येथे देणाऱ्याने काही दिलेले नसते.

युरोपात हाच प्रश्न कायद्याच्या वाटेने सुटला, आणि त्याचेही मूळ मृत्युशय्येपाशीच आहे. 1898 च्या जुलैमध्ये बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री चोरून त्याच्या खोलीत शिरून मृतदेहाचे चित्र घेतले. बिस्मार्कच्या मुलांच्या बाजूने 1899 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि पुढे 1907 च्या कायद्याने माणसाचे चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसृत करण्यास मनाई केली. मृत्यूनंतर दहा वर्षे ही संमती देण्याचा अधिकार नातलगांकडे राहतो. हा कायदा न्याय्य आहे, परंतु त्याचा सगळा भर संमतीवर आहे. पाहणाऱ्याने आपल्यावर काय ओढवून घेतले, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

विधीतला एक क्षण येथे विशेष बोलका आहे. मुंडन केलेला, न शिवलेले पांढरे वस्त्र नेसलेला कर्ता, म्हणजे अग्नी देणारा, दहन संपत आले की बांबूने कपालक्रिया करतो, म्हणजे प्राण मोकळा व्हावा म्हणून कवटी फोडतो; मग गंगाजलाने भरलेले मडके डाव्या खांद्यावरून मागे चितेवर टाकतो आणि मागे वळून न पाहता चालू लागतो. ज्याचा पिता समोर जळतो आहे त्यालाही शेवटी पाहणे सोडावे लागते. त्याने सोडलेली नजर एखाद्या परक्याने कायमची राखून ठेवावी, हे विधीच्या प्रकृतीविरुद्ध आहे. शिवाय मृत्युसमयी शिव कानात तारक मंत्र सांगतो अशी काशीची श्रद्धा आहे. लोक ज्यासाठी येथे मरायला येतात ते घटित कानाचे आहे, डोळ्यांचे नाहीच.

या युक्तिवादाला समर्थ उत्तर रॉबर्ट गार्डनर यांनी काशीच्या घाटांवर चित्रित केलेल्या ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (1986) या चित्रपटाचे आहे. नव्वद मिनिटे निवेदन नाही, संवादांचे भाषांतर नाही. केवळ लाकूड, झेंडूची फुले, होड्या, कुत्री आणि प्रेते. अर्थ न सांगता केवळ दाखवले म्हणून मानववंशशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली, पण त्यातला आदर आणि एकाग्रता नाकारता येत नाही. असा चित्रपट करण्यासाठी घाटावर राहिलेला माणूस घाईच्या पर्यटकाच्या पंक्तीला बसवता येणार नाही. तरीही त्याने वाहिलेला भार त्याच्यापुरताच राहतो, प्रेक्षकाला तो मिळत नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. परदेशी असलेला मुलगा वेळेवर पोहोचू शकत नाही तेव्हा नातलग चितेसमोर मोबाइल धरतात आणि तो पडद्यावर अग्नी पाहतो. 2020 आणि 2021 च्या साथीत कित्येक कुटुंबांना दुसरा मार्गच नव्हता. यंत्र तेच, चिताही तीच. पण तो मुलगा तिकडे उठून स्नान करतो, दहा दिवस सुतक पाळतो, त्या दिवसांत देवपूजेला हात लावत नाही. घाटाने त्याला घातलेली अट त्याने हजारो मैलांवर पुरी केली आहे, म्हणून त्याच्यासाठी धरलेल्या मोबाइलला मणिकर्णिकेची पाटी लागू होत नाही.