शीव कोणाची?

रोहा-अष्टमीचा कारभार नगरपरिषदेकडे, धाटाव गावाचा ग्रामपंचायतीकडे, कारखान्यांच्या वसाहतीचा एमआयडीसीकडे. कुंडलिका नदी मात्र सगळ्यांची, आणि तिच्यात मिसळलेलं सांडपाणी कुणाची हद्द विचारत नाही.

म्हणून शहराची हद्दवाढ हा नुसता कारभाराचा नाही, धर्माचाही प्रश्न आहे.

कोकणात शीव देवाची असते. आचऱ्याच्या गावपळणीत देवाच्या कौलाने अख्खं गाव गुराढोरांसह शिवेबाहेर जाऊन राहतं. रोह्यात तर ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीसच मानवंदना देतात! पण शहराची हद्द ठरवताना देवाला कोण विचारतो? १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार राज्य सरकार आधी हरकती मागवतं, मग अधिसूचना काढतं. हरकत माणूस घेतो. नदी नाही, देवराईही नाही.

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. नुसत्या नकाशाने माणसं जोडली जात नाहीत, एवढं तरी त्यातून दिसतं.

गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे: इतर जीवांचा वाटा आधी काढून ठेवायचा. हद्दवाढीलाही तोच नियम हवा. उद्या धाटाव शहरात घ्यायचं ठरलं, तर करआकारणीच्या तक्त्याआधी सांडपाण्याचा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा.