देवा, आधी ऐकू दे

देवा, गावातल्या १० ते १९ वर्षांच्या पोरापोरींशी आरोग्याचं बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. २०१४ साली राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी आमच्यासारखे साथी निवडले जाऊ लागले. मी या पोरींमधलीच एक, म्हणून आशाताईंनी मला निवडलं. मला त्यांच्यातलीच राहू दे. हातात तक्ता आला म्हणून माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होऊ देऊ नकोस. आधी ऐकू दे, मग बोलू दे.

लोहाची निळी गोळी देताना ‘रक्त वाढतं’ एवढ्यावर मी थांबू नये. कधी मळमळतं, शौचाला काळं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगायची बुद्धी दे. नाहीतर पोरी घाबरतात आणि गोळी दप्तराच्या तळाशी जाते. ती उपाशीपोटी घेऊ नये, वर लगेच चहा पिऊ नये, जेवणात लिंबू पिळावं, हे त्यांच्या गळी उतरू दे. आणि पाळीचा विषय निघाला की माझाच आवाज खाली जायला नको.

पानठेल्यावरच्या पोरांशी बोलणाऱ्या माझ्या जोडीदारालाही बळ दे. तंबाखूचा खर्रा घोटत उभ्या असलेल्या पोराला भीती घालून काही होत नाही, तो हसतो. तोंड पुरेसं उघडतं का, हे त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघायला सांगावं. ती आत जात नसतील, तर त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत चालत जावं. एवढी माया माझ्या जोडीदाराच्या मनात राहू दे.

माझ्या कानावर आलेलं माझ्या आईच्याही कानावर जाऊ नये. लहान गावात एक शब्द फुटला की त्या पोरीची शाळा सुटते. पण कुठे गप्प राहायचं नाही, तेही मला कळू दे. कुणी मरणाची भाषा बोलत असेल, कुणावर घरातच हात टाकला जात असेल, कुणाचं अठराच्या आत लग्न ठरत असेल, तर ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन माझ्या तोंडून जाऊ नये. तेव्हा तिला विश्वासात घेऊन आशाताईंपर्यंत, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनपर्यंत, मनाच्या त्रासासाठी असलेल्या १४४१६ पर्यंत पोचायची हिंमत दे. जे मला येत नाही, ते येतं असं मी कधी भासवू नये.

आणि देवा, एखादी पोर मोठ्या मुश्किलीने माझ्यासोबत यायला तयार होईल, त्या दिवशी दवाखान्यातल्या, आमच्या वयाच्या पोरापोरींसाठीच्या मैत्री क्लिनिकचं दार उघडं असू दे. आत बसलेल्या ताईंनी तिला ‘लग्न झालंय का?’ असं विचारायच्या आधी ‘बस, काय होतंय तुला?’ असं विचारू दे.