मनुष्यऋण आणि गिरणगावची खानावळ

संकटात सापडलेल्याला दिलेली मदत हे दान मानावे की ऋणफेड, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात जुना आहे आणि त्याचे उत्तर कोणता ग्रंथ उघडावा यावर अवलंबून राहते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, जो परतफेड करणार नाही अशा सत्पात्र माणसाला योग्य स्थळी व काळी, केवळ कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक ठरवले आहे. परत काही मिळावे या अपेक्षेने दिलेले दान राजस, म्हणजे त्याहून खालच्या प्रतीचे, मानले आहे. शतपथ ब्राह्मण मात्र देव, ऋषी आणि पितर यांच्या प्रसिद्ध तीन ऋणांना चौथे मनुष्यऋण जोडते, म्हणजे माणूस जन्मतःच इतर माणसांचा देणेकरी असतो आणि आलेल्याला आसरा व अन्न देऊन ते देणे फेडतो, असे मानते. पहिल्या विचारात देणारा वरच्या पायरीवर उभा राहतो. दुसऱ्यात देणाराही मुळात देणेकरीच असतो.

या फरकाचे मोल मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी, भायखळा या गिरण्यांच्या टापूत, फार स्पष्ट दिसते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार कुटुंब गावी ठेवून बहुधा एकटाच राहत असे. एका गावची माणसे भाड्याच्या एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत आणि शेजारच्या एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत. या खानावळीचा सारा व्यवहार उधारीवर चाले. बाई वाण्याकडून महिनाभर धान्य उधार आणी, दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापी, पाळीवर जाणाऱ्याचा डबा भरून देई, आणि पगार झाला की कामगार हिशेब चुकता करी. हा धंदा होता, आणि तो धंदा होता हे सांगण्यात त्या बाईचा कोणताही अवमान नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगाराचा दिवसच नाहीसा झाला. अनेक कामगार गावी परतले, शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर तगले आणि गावाकडचे धान्य मुंबईत राहिलेल्यांपर्यंत पोहोचत राहिले. हा संप इतका लांबू शकला याचे एक मोठे कारण गावाशी न तुटलेली ही नाळ होय. जे मागे राहिले त्यांच्या ताटात भाकरी वाढताना खानावळवालीला पैसे कधी येतील याचा अंदाज नव्हता, आणि वाण्याचे तिच्या डोक्यावरचे देणे मात्र वाढतच होते. गीतेच्या कसोटीवर हे वाढणे सात्त्विक दानात बसत नाही, कारण परतफेडीची अपेक्षा होती. व्यापारातही बसत नाही, कारण शहाणा व्यापारी अशा वेळी हात आखडता घेतो. मनुष्यऋणाच्या कल्पनेतच त्याला नेमकी जागा मिळते. नाव उधारीत राहिले म्हणून जेवणारा याचक ठरला नाही. तो ताठ मानेने पानावर बसू शकला, आणि उपाशी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट अन्नाइतकीच महत्त्वाची आहे. चाळींतून भजन करणाऱ्यांना ही समता अपरिचित नव्हती, कारण वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तेव्हा वंदन करणारा आणि वंदन घेणारा अशी कायमची वाटणी उरत नाही.

तरीही या ऋणाच्या वर्तुळाला कुंपण होते आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावकीच्या खोलीत गावाबरोबर जातही आली. साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या विभागात, धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना या अधिक मजुरीच्या कामापासून दूर ठेवले जाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. बौद्ध विचारातील मैत्री, म्हणजे सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचणारा बंधुभाव, त्यांना आवश्यक वाटली ती यामुळेच समजते: ओळखीच्या माणसांपुरते मानलेले ऋण परक्याच्या भुकेपाशी अडते. या कुंपणाबाहेर पडण्याचा एक मार्ग खानावळवाल्यांनीच शोधला होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी उभारलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना एकत्र आणले आणि सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी बँकेचे कर्ज मिळवून दिले. नात्यागोत्याऐवजी समान कष्ट हा तेथे विश्वासाचा आधार झाला.

संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि हजारो कामगारांना त्यांच्या गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. त्यामुळे खानावळींतील कित्येक हिशेब तसेच राहिले. अशा थकलेल्या देण्याचे काय होते, याचे उत्तर धर्मशास्त्राकडे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार बापाचे ऋण मुलाने आणि नातवाने फेडायचे असते. मद्य, जुगार अशा कारणांसाठी केलेले कर्ज तेवढे त्यातून वगळले आहे. भाकरीची उधारी या अपवादात येत नाही, आणि जिचे पैसे बुडाले ती बाई आज हयात नसली तरी शतपथ ब्राह्मणाच्या हिशेबाने तिचे देणे दारी आलेल्या कोणत्याही भुकेल्या माणसापाशी फेडता येते.