दूध बाळाचे, जबाबदारी साऱ्या घराची

आईच्या थोरवीविषयी आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. जुम्म्याच्या बयानात, महिलांच्या इज्तेमात, निकाहाच्या मजलिसीत तिचे हक्क सांगितले जातात. परंतु ही थोरवी ज्या दिवसांत तिच्या देहाच्या वेदनेतून आकार घेत असते, त्या बाळंतपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत आपण तिच्याशी कसे वागतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

काही महिन्यांपूर्वी नात्यातील एका घरी अकीक्यासाठी जाणे झाले. बाहेर पाहुण्यांची जेवणे चालली होती आणि आतल्या खोलीत सात दिवसांचे बाळ रडत होते. त्याला आईचा स्तन तोंडात नीट धरता येत नव्हता. प्रत्येक प्रयत्नाला आईला कळ येई आणि बाळ उपाशीच राही. तेव्हा दवाखान्यातील परिचारिकेने स्तनाग्रावर ठेवण्याचे सिलिकॉनचे पातळ आवरण दिले होते. त्याला निपल शील्ड म्हणतात. ते लावल्यावर बाळ पिऊ लागले. तेवढ्यात घरातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “आम्ही सहा-सहा लेकरं वाढवली, असलं रबर कधी लावलं नाही. आईच्या मायेतच कमी असली की मूल छाती धरत नाही.” ती मुलगी काही बोलली नाही. सगळे बाहेर गेल्यावर तिने मला हळूच विचारले, “खाला, असं लावून पाजलं तर अल्लाहजवळ ते पाजणं धरलं जाईल ना?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे मोठी नैतिक गुंतागुंत आहे. बाळाच्या दुधाचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे? आईकडून प्रयत्न अपेक्षित आहे की परिणाम? आणि साधनाचा आधार घेतल्याने कर्तव्याचे मोल कमी होते काय?

प्रथम अल्लाहचा आदेश पाहू. सूरह अल-बकरहच्या २३३व्या आयतीत स्तनपानाचा विषय सविस्तर आला आहे. ज्यांना पूर्ण मुदत पाळायची असेल त्यांच्यासाठी दोन वर्षांची मुदत तेथे सांगितली आहे. पण आयत तेवढ्यावर थांबत नाही. पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी तिने पित्यावर टाकली आहे. कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकला जाणार नाही, असे सांगितले आहे. मुलाच्या निमित्ताने आईला त्रास दिला जाऊ नये आणि पित्यालाही दिला जाऊ नये, असे बजावले आहे. दूध तोडायचे झाल्यास ते दोघांच्या संमतीने व सल्लामसलतीने व्हावे आणि गरज पडल्यास दुसऱ्या स्त्रीकडून पाजून घेण्यातही दोष नाही, अशी मुभा दिली आहे. शेवटी अल्लाहचे भय बाळगा, तो तुमची कर्मे पाहत आहे, याची आठवण दिली आहे.

या आयतीतील आदेशांची वाटणी लक्षात घेण्यासारखी आहे. पाजण्याचे काम आईचे आहे. मात्र तिचे पोषण, तिच्या मनाची जपणूक, सल्लामसलत आणि अडचणीतून मार्ग काढणे ही कामे इतरांवरही सोपविलेली आहेत. आपल्या घरांत बहुधा आयतीचे पहिले वाक्य आईला ऐकवले जाते आणि पुढची वाक्ये ज्यांना उद्देशून आहेत ते ती ऐकत नाहीत. सूरह अत-तलाकच्या सहाव्या आयतीत तर घटस्फोटित स्त्रीने मुलाला पाजल्यास तिला त्याचा मोबदला द्यावा, असा आदेश आहे. म्हणजे पाजणे हे मोल असलेले श्रम आहेत, हे कुरआनने मान्य केले आहे.

फकीहांनीही या विषयाकडे बारकाईने पाहिले आहे. कोकणातील बहुतांश मुस्लिम शाफिई मसलकाचे आहेत. त्या मसलकात प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते बाळाला देणे आईवर बंधनकारक मानले आहे. वैद्यकशास्त्रही आज हेच सांगते की या थोड्याशा दुधात बाळाला रोगांपासून वाचविणारे घटक मोठ्या प्रमाणावर असतात. ते पिळून टाकून देण्याची जी चाल काही घरांत होती, तिला ना दीनचा आधार आहे, ना विज्ञानाचा. हनफी मसलकात पाजणे हे आईचे अल्लाहसमोरचे नैतिक कर्तव्य मानले आहे. तथापि दुसरी सोय उपलब्ध असता काजी तिच्यावर त्याची सक्ती करीत नाही. तात्पर्य, बाळाचा दुधाचा हक्क पक्का आहे, पण तो वसूल करण्यासाठी आईला चिरडण्याची परवानगी कोणालाही नाही.

आता साधनाचा प्रश्न. काहींना वाटते की अल्लाहवर भरवसा असेल तर पान्हा आपोआप फुटेल; साधन घेणे म्हणजे तवक्कुलमध्ये कमतरता. याचे उत्तर हजरत मूसा (अ.) यांच्या मातेच्या वृत्तांतात आहे. सूरह अल-कससमध्ये तो आला आहे. अल्लाहने त्या मातेच्या मनात घातले की बाळाला पाज, आणि भीती वाटेल तेव्हा त्याला नदीत सोड. आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू. वचन साक्षात अल्लाहचे होते. तरीही बाळाला पेटीत ठेवावे लागले, बहिणीला काठाकाठाने मागावर जावे लागले आणि फिरऔनच्या घरी शहाणपणाने बोलावे लागले. त्या घरात बाळ कोणत्याही दाईचे दूध घेईना, म्हणून ते आईच्या कुशीत परतले. बाळ दूध नाकारते यात कोणाच्या मायेची कमतरता नसते, हेही या वृत्तांतावरून समजते. आईचे मन त्या वेळी अगदी रिते झाले होते, असे कुरआन सांगतो. पण त्याबद्दल तिला दोष देत नाही. अल्लाहने तिचे हृदय सावरले आणि तिचे डोळे निवावेत, तिने दुःख करू नये म्हणून बाळ तिला परत दिले. पेटी वापरल्याने त्या मातेचा ईमान कमी झाला असे कोणी म्हणेल काय? मग सिलिकॉनच्या एका पातळ आवरणाने आजच्या आईचे मातृत्व कसे कमी होईल?

दूधनात्याचा नियमही हेच दाखवितो. दूध स्तनातून ओढून घेतले काय किंवा भांड्यातून पाजले काय, ते बाळाच्या पोटात पोहोचले की दूधनाते जडते, असे बहुसंख्य फकीहांचे मत आहे. जेथे भांड्यातील दुधानेसुद्धा एखादी स्त्री माता ठरते, तेथे जन्मदात्रीने शील्ड लावून पाजलेले दूध कमी प्रतीचे कसे मानायचे? त्या मुलीला मी हेच सांगितले.

मात्र येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. साधन मिळाले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. बाळ ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब ठेवावा लागतो. शील्ड लावल्यावर वेदना थांबते, बाळ चोखू लागते, आईच्या मनाला दिलासा मिळतो. पण बाळ चोखते आहे याचा अर्थ त्याच्या पोटात पुरेसे दूध जाते आहे असा होतोच असे नाही. आवरणाचे माप चुकले किंवा बाळाने केवळ टोक तोंडात धरले, तर दूध कमी उतरते. स्तनातून दूध जितके बाहेर पडते तितके पुन्हा तयार होते आणि आत साठून राहिले की शरीर निर्मिती कमी करते, हा अल्लाहने देहात घालून दिलेला नियम आहे. त्यामुळे अर्धेमुर्धे पिणे बरेच दिवस चालू राहिले तर दूध आटू लागते, आणि घरचे म्हणतात की हिला दूधच नाही.

म्हणून काही गोष्टींकडे घरातील सर्वांनी लक्ष द्यावे. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून साधारण ८ ते १२ वेळा पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नये. बाळाच्या गिळण्याचा आवाज येतो का, पिऊन झाल्यावर शील्डमध्ये दुधाचे थेंब दिसतात का, हे पाहावे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट ओला व्हायला हवा. पहिल्या दिवसांत घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळेइतके व्हायला हवे, यासाठी शील्ड वापरत असताना बाळाचे वजन नियमित करून घ्यावे. बाळ पुरेसे ओढत नसेल तर पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने दूध काढावे आणि ते वाटी-चमच्याने बाळाला द्यावे. त्याने बाळाचे पोटही भरते आणि दूधही टिकते. प्रत्येक वापरानंतर शील्ड साबणाने व गरम पाण्याने स्वच्छ धुवावे. बाळ मलूल झाले, पिण्यासाठी जागेच होईना किंवा लंगोट कोरडे राहू लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

शील्ड हा बहुतेक वेळा तात्पुरता आधार असतो. बाळाला उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून घ्यावे. पाजण्याची सुरुवात शील्डने करावी आणि दूध वाहू लागून बाळ शांत झाले की आवरण अलगद काढून पुन्हा स्तनाशी धरावे. आज जमले नाही तर उद्या पाहावे. कोणाला काही दिवस लागतात, कोणाला अनेक आठवडे. बाळ बाळसे धरत असेल तर या उशिरात कोणताही दोष नाही.

हे सर्व वाचून एक गोष्ट सहज ध्यानात येईल: ही कामे एकटी आई करू शकत नाही. दर दोन-तीन तासांनी पाजणारी, नंतर दूध काढणारी, भांडी उकळणारी आणि टाक्यांच्या वेदना सोसणारी स्त्री पाहुण्यांसाठी चहाही करू लागली, तर दूध कोठून येणार? हरीरा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांनी तिला ताकद मिळते. पण विसावा आणि वारंवार पाजणे यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. शील्ड धुणे, बाळाला वजनासाठी नेणे, रात्री उठून बाळ आईच्या हाती देणे ही कामे पित्याने केली तर त्याच्या मर्दानगीला काही उणेपणा येत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्या लोकांच्या कामात मदत करीत असत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे.

शेवटी हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक प्रसंग आठवतो. दूध सुटलेल्या मुलांना बैतुलमालमधून वेतन देण्याचा त्यांचा नियम होता. एका रात्री ते मदीनेबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देत असताना एका मुलाचे रडणे त्यांच्या कानी आले. त्यांनी त्याच्या आईला अल्लाहचे भय बाळगण्यास आणि मुलाशी नीट वागण्यास सांगितले. रडणे थांबेना, म्हणून ते पुन्हा पुन्हा गेले आणि तिला बोल लावले. अखेर तिने सांगितले की मी याचे दूध बळेच तोडते आहे, कारण उमर अंगावर पिणाऱ्या मुलांना वेतन देत नाहीत. आपण कोणाशी बोलतो आहोत हे तिला ठाऊक नव्हते. त्या पहाटेच्या नमाजीत हजरत उमर इतके रडले की त्यांचे पठण लोकांना नीट ऐकू येईना. मग त्यांनी घोषणा करविली की दूध तोडण्याची घाई करू नका; यापुढे प्रत्येक मुलाला जन्मापासून वेतन मिळेल.

या प्रसंगात आपणा सर्वांसाठी बोध आहे. हजरत उमर (रजि.) यांनीही आधी आईलाच उपदेश केला. पण कारण कळले तेव्हा त्यांनी स्वतःचा नियम चुकीचा होता हे मान्य केले आणि तो बदलला. आज आपल्या घरात बाळ रडते तेव्हा आपणही आधी आईकडेच बोट दाखवितो. तिच्या दुधात काय कमी आहे, असे विचारण्याऐवजी आपल्या व्यवस्थेत काय कमी आहे, असे विचारण्याचे धैर्य आपल्यात आहे काय? तिची झोप, तिचे जेवण, तिच्याशी बोलले जाणारे शब्द, वेळेवर मिळणारा सल्ला, या सर्वांचा हिशेब तिच्याकडून नव्हे तर आपल्याकडून घेतला जाणार आहे.

आणि एवढे सर्व करूनही एखाद्या आईचे दूध पुरे पडले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध देणे हा गुन्हा नाही. कुवतीपलीकडचा भार अल्लाहने टाकलेला नाही, तो आपण टाकू नये. तिने जेवढे पाजले तेवढे, आणि पाजण्यासाठी जेवढी जागली तेवढी, सर्व त्याच्याजवळ नोंदलेले आहे.

अल्लाह आपल्या घरांतील प्रत्येक बाळंतिणीला आरोग्य देवो, आणि तिच्याभोवतीच्या आपणा सर्वांना आपली जबाबदारी ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.